‘फोन वॉटरप्रूफ आहे, मग हाउसिंग आणि लाइट कशाला?’ – एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

पाण्याखालची फोटोग्राफी सुरू करू पाहणाऱ्यांमध्ये एक मजकूर सध्या हातोहात फिरतोय. त्याचा सारांश असा: आजकालचे फोन वॉटरप्रूफ असतात, त्यांना हाउसिंग (कॅमेऱ्याभोवतीचं पाणी न शिरणारं कवच) लागत नाही. हाउसिंग घ्यायचंच असेल तर ज्यावर सर्वांत जास्त खोली छापलेली असेल ते घ्यावं आणि ओ-रिंगला (कवचाची फट बंद करणाऱ्या रबरी कडीला) भरपूर ग्रीस लावावं. पोर्ट, म्हणजे लेन्ससमोरची हाउसिंगची खिडकी, ही नुसती काच, सपाट असो की घुमटासारखी, फरक पडत नाही. रंग नंतर ॲपमध्ये परत आणता येतात, फार तर एक लाल फिल्टर लावावा. लाइट लागलाच तर जास्तीत जास्त लुमेनचा (लुमेन हे प्रकाशाचं माप) एक व्हिडिओ लाइट पुरे, स्ट्रोबचे, म्हणजे क्षणभर झगमगणाऱ्या पाण्याखालच्या फ्लॅशचे, दिवस संपले. शिवाय स्ट्रोबने मासे आंधळे होतात. आणि आधी चांगला कॅमेरा घेऊन टाकावा, हाउसिंग काय, मिळतंच.

पैसे वाचवायचा सल्ला म्हणून हे वाचायला बरं वाटतं. महागडं सामान असल्याशिवाय या छंदात पाऊलच टाकू नये, असं मलाही अजिबात वाटत नाही. पण यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा पाणी कसं वागतं याकडे काणाडोळा करून लिहिलेला आहे. असा सल्ला मानून फोन मरतात, कॅमेरे बुडतात. त्याहून मला जास्त लागतं ते हे, की चांगली नजर असलेली माणसं आपले निळे, धुरकट, ठिपक्यांनी भरलेले फोटो बघतात आणि ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून नाद सोडून देतात. दोष त्यांच्या नजरेचा नसतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘फोन आयपी६८ आहे, हाउसिंग लागत नाही’

आयपी६८ हा शिक्का आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातला. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा आकडा ७ असेल तर १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. ८ म्हणजे त्याहून कडक अटी, पण किती कडक ते उत्पादकाने ठरवायचं. म्हणूनच एकच शिक्का असलेल्या दोन फोनांपैकी एकाच्या माहितीपत्रकात दीड मीटर असतं आणि दुसऱ्याच्या ६ मीटर. वेळ बहुधा अर्धा तास, पाणी गोडं आणि स्थिर, आणि फोन कोरा करकरीत. तुमचा फोन दोन वर्षं खिशात वाकलाय, एक-दोनदा पडलाय, कदाचित उघडून त्याची बॅटरी बदललीय. त्याच्या कडांना आतून लावलेली चिकटपट्टी आता पहिल्यासारखी राहिलेली नसते. पाण्यापासूनचं हे संरक्षण कायमचं नाही आणि पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत धरलं जात नाही, हे मोठ्या कंपन्या स्वतःच लिहून ठेवतात. बारीक अक्षरात असल्यामुळे ते कुणी वाचत नाही.

आता दाब बघा. समुद्रात दर १० मीटरला साधारण एक वातावरण दाब वाढतो, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोचा भार. ७ बाय १५ सेंटिमीटरच्या स्क्रीनवर १० मीटर खोलीला शंभर किलोहून जास्त वजन पडतं. प्राथमिक प्रमाणपत्र घेतलेला डायव्हर १८ मीटरपर्यंत जातो. तिथे हाच भार १९० किलोच्या आसपास जातो. फोन यासाठी बनवलेलाच नाही. आणि समजा तो तगला, तरी फोटो काढणार कसा? टचस्क्रीन बोटाचा विद्युतस्पर्श ओळखतो. सगळीकडून पाणी लागलं की त्याला बोट कुठलं आणि पाणी कुठलं ते कळत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीतही हीच गत होते. थोडं खाली गेलं की पिशवी पडद्याला घट्ट चिकटते आणि स्क्रीनला सगळीकडे बोट ठेवल्यासारखं वाटतं.

फोननेच फोटो काढायचे असतील तर जरूर काढा. फोनसाठी चांगली कडक हाउसिंग मिळतात. त्यांची बटणं ब्लूटूथवरून किंवा यांत्रिक दांड्यांनी चालतात. मात्र ‘हाउसिंग लागत नाही’ हे वाक्य गुडघाभर गोड्या पाण्याच्या पलीकडे कुणी मानू नये.

‘जास्त खोलीचं हाउसिंग घ्या, ओ-रिंगला भरपूर ग्रीस लावा’

इथे एक गोष्ट उलटी आहे आणि ती समजली की हाउसिंगबद्दलची निम्मी भीती जाते. हाउसिंगमध्ये पाणी शिरतं ते बहुतेक वेळा खोलवर नव्हे, तर पहिल्या एक-दोन मीटरमध्येच. ओ-रिंग एका खाचेत बसलेली असते. बाहेरून पाण्याचा दाब आला की ती खाचेच्या आतल्या भिंतीवर दाबली जाते, चपटी होते आणि फट आणखी घट्ट बंद करते. दाब वाढेल तशी पकड वाढते. वरच्या उथळ पाण्यात तिला दाबणारं फारसं काही नसतं, आणि नेमकं तिथेच एखादा केस, वाळूचा कण किंवा सुकलेल्या मिठाचा खडा पाण्याला वाट करून देतो.

म्हणून ६० मीटरचं हाउसिंग आणि १०० मीटरचं हाउसिंग यांत, हौशी डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर असताना, पाणी शिरण्याच्या दृष्टीने काही फरक नाही. तो आकडा कवच कधी वाकेल आणि बटणांच्या स्प्रिंगा दाबाने कधी आपोआप आत जातील, याबद्दल सांगतो. तुमच्या ओ-रिंगवर केस आहे की नाही हे तो आकडा सांगत नाही.

ग्रीसचं काम फट बुजवणं हे नव्हेच. रबर कोरडं राहून अडकू नये, पीळ पडू नये, दाब आला की खाचेत सहज सरकावं, एवढ्यासाठी ते असतं. जास्त लावलं तर ते धूळ, धागे आणि वाळू गोळा करतं, म्हणजे ज्याच्यापासून वाचायचं त्यालाच चिकटवून ठेवतं. शिवाय प्रत्येक रिंगला प्रत्येक ग्रीस चालत नाही. नायट्राइल रबराला सिलिकॉन ग्रीस चालतं. पण रिंगच सिलिकॉनची असेल तर तेच ग्रीस तिला फुगवतं. म्हणून हाउसिंगसोबत आलेलं ग्रीसच वापरावं.

करायचं कसं ते सांगतो. रिंग टोकदार वस्तूने उपटू नका. दोन बोटांनी बाजूने ढकलली की तिचा एक फुगवटा वर येतो, तिथे धरून काढा. मग डोळे मिटून ती अंगठा आणि तर्जनीमधून पूर्ण फिरवा. डोळ्यांना न दिसणारा कण बोटाला लागतो. वाटाण्याहूनही लहान ग्रीस घेऊन पुन्हा फिरवा, इतकंच की रबरावर ओलसर चमक यावी, पांढरा थर दिसता कामा नये. रिकामी खाच धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा. इअरबडचा कापूस तिथे वापरू नये, त्याचाच एक तंतू मागे राहतो. रिंग परत बसवली की टॉर्चचा झोत तिरपा पाडून एक फेरी बघा. सरळ प्रकाशात न दिसलेला केस तिरप्या प्रकाशात सावलीसकट उठून दिसतो. हे सगळं रात्री, घाई नसताना करायचं. बोटीवर, वाऱ्यात, ओल्या केसांनी वाकून केलेलं काम म्हणजे आपणच पाण्याला आमंत्रण.

जादा खोलीपेक्षा त्याच पैशात व्हॅक्यूम झडप घ्या, असं मी कुणालाही सांगेन. हाउसिंग बंद केल्यावर हातपंपाने आतली थोडी हवा काढायची. आतला सेन्सर दाब मोजत राहतो आणि दाब टिकला तर हिरवा दिवा दाखवतो. अर्धा तास ठेवून दिवा हिरवाच राहिला तर सगळ्या फटी बंद आहेत. उन्हात किंवा एसीत नेलं तर तापमानामुळे दाब थोडा हलतो, तेवढं लक्षात ठेवावं. ओलावा लागला की वाजणारा अलार्म ही वेगळी वस्तू आहे. तो पाणी आत आल्यावर बोलतो, व्हॅक्यूम आधी बोलतो.

धातूचं की प्लॅस्टिकचं, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. पॉलिकार्बोनेट आरपार दिसतं, आत थेंब आला तर लगेच कळतो. पण ते उष्णता बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे कॅमेरा तापतो आणि आतली दमट हवा थंड पोर्टवर धुकं धरते. ॲल्युमिनियम लवकर थंड होतं, आटोपशीर असतं, पण गोड्या पाण्यात नीट भिजवलं नाही तर मीठ त्याच्यावरच्या संरक्षक थराखाली शिरून त्याला खातं. दोन्हीत उत्तम फोटो निघतात. धुकं टाळायला हाउसिंग कोरड्या हवेच्या खोलीत बंद करा आणि आत सिलिका जेलची पुडी ठेवा.

‘पोर्ट म्हणजे नुसती काच’

मला सर्वांत जास्त खटकलेला मुद्दा हाच, कारण फोटोचा दर्जा इथे ठरतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, हवेचा १. पाण्यातून सपाट काच ओलांडून हवेत येताना किरण वाकतात, आणि वस्तू खऱ्या अंतराच्या तीन-चतुर्थांश अंतरावर, साधारण एक तृतीयांशाने मोठी दिसते. मास्क लावून पहिल्यांदा पाण्यात हात पुढे करणाऱ्या प्रत्येकाने हे अनुभवलेलं असतं. कॅमेऱ्याच्या भाषेत, २८ मिलिमीटरची लेन्स सपाट पोर्टमागे सुमारे ३७ मिलिमीटरसारखी वागते. रुंद लेन्स घेतली, तिचे पैसे मोजले, आणि रुंदी काचेने काढून घेतली. कितीही रुंद लेन्स लावली तरी सपाट पोर्टमधून ९७ अंशांपलीकडचं दिसूच शकत नाही. त्या मर्यादेच्या आधीच कोपरे ताणले जातात आणि कडांना रंगीत झालर येते, कारण तिरप्या किरणांमध्ये निळा आणि लाल वेगवेगळे वाकतात.

डोम, म्हणजे घुमटासारखं पोर्ट, यासाठी आहे. लेन्सच्या डोळ्याचं केंद्र आणि डोमच्या गोलाचं केंद्र एकाच ठिकाणी आलं की प्रत्येक किरण काचेला सरळ काटकोनात भेटतो, वाकतच नाही. रुंदी परत मिळते, रंगीत झालर जाते. हे केंद्र जुळवण्यासाठीच वेगवेगळ्या लांबीच्या एक्स्टेंशन रिंग असतात आणि हाउसिंगवाले कुठल्या लेन्सला कुठली रिंग याचे तक्ते देतात. ‘कुठलीही रिंग चालेल, बसली म्हणजे झालं’ असं समजून डोम लावला तर त्याचा अर्धा फायदा वाया जातो.

पण डोमची स्वतःची एक खोड आहे आणि ती माहीत नसली की लोक लेन्सला शिव्या देतात. पाण्यात डोम स्वतःच एक लेन्स होतो. दूरचा खडकही कॅमेऱ्याला डोमच्या काचेपुढे, तिच्या वक्रतेच्या त्रिज्येच्या सुमारे तिप्पट अंतरावर एका आभासी प्रतिमेच्या रूपात दिसतो. त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर ते अंतर फक्त ३० सेंटिमीटर, त्रिज्या ५ असेल तर १५. म्हणजे पन्नास फुटांवरचं बुडालेलं जहाज टिपायचं तरी लेन्सला हातभर अंतरावर फोकस करता आला पाहिजे. अनेक चांगल्या लेन्स इथे नापास होतात. वर ही प्रतिमा सपाट नसून वाटीसारखी वक्र असते, त्यामुळे मधला भाग नेमका आणि कोपरे भुरकट. उपाय म्हणजे मोठा डोम, किंवा ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र) एफ/८ ते एफ/१३ पर्यंत बंद करणं. फिशआय, म्हणजे अतिरुंद कोनाच्या, लेन्सला मात्र लहान डोमही छान चालतो, कारण ती मुळातच अगदी जवळ फोकस करते आणि फिशआयने फोटो काढायचेही जवळूनच असतात. अर्धं पाण्यावर अर्धं पाण्याखाली असा फोटो हवा असेल तर मात्र मोठ्या डोमला पर्याय नाही. लहान डोमवर पाण्याची एक लाट आली की अर्धी चौकट जाते.

मग डोम नेहमीच श्रेष्ठ का? तसंही नाही. मॅक्रोसाठी, म्हणजे न्युडिब्रँक या नखाएवढ्या समुद्री गोगलगायीसाठी किंवा कोळंबीच्या डोळ्यासाठी, ६० किंवा १०० मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सपुढे सपाट पोर्टच योग्य. तिथे कोन अरुंद असल्यामुळे दोष दिसत नाहीत आणि वस्तू मोठी दिसते हा फायदाच होतो. लहान कॅमेरा किंवा फोनचं हाउसिंग असेल तर सपाट पोर्टवर बाहेरून बसणारी वेट लेन्स हा सर्वांत शहाणा मार्ग आहे. पाण्याखाली असतानाच काढता-घालता येते. लावताना मध्ये बुडबुडे अडकतात, ते लेन्स थोडी सैल करून झटकून टाकायचे.

काच की ॲक्रिलिक? ॲक्रिलिकवर ओरखडा लवकर पडतो, पण तो घासून काढता येतो, आणि पाण्यात बारीक ओरखड्यांमध्ये पाणी भरून ते बरेचसे दिसेनासे होतात. काचेला ओरखडा सहजी पडत नाही, पण पडला की राहतो.

‘रंग नंतर ॲपमध्ये आणता येतात’

पाणी रंग झाकत नाही, खातं. झाकलेलं उघडता येतं, खाल्लेलं परत येत नाही. १९९७ मध्ये पोप आणि फ्राय या संशोधकांनी शुद्ध पाण्यातलं प्रकाशाचं शोषण मोजून प्रसिद्ध केलं, ते आकडे आजही वापरले जातात. त्यांवरून हिशेब केला तर ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश ५ मीटर पाण्यातून गेल्यावर सुमारे १८ टक्के उरतो आणि १० मीटरनंतर जेमतेम ३ टक्के. ४५० नॅनोमीटरचा निळा त्याच १० मीटरनंतर ९० टक्क्यांहून जास्त शिल्लक असतो. हे शुद्ध पाण्याचं झालं. समुद्रात प्लवक आणि गाळ असतो, म्हणून किनाऱ्याजवळ निळाही मार खातो आणि सगळं हिरवट होतं.

आता ॲपने व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) दुरुस्त करायचा म्हणजे लाल वाहिनी निळ्याच्या बरोबरीला आणायची. वरच्या आकड्यांनी ती सुमारे २७ पट वाढवावी लागेल, म्हणजे जवळजवळ पावणेपाच स्टॉप (प्रकाश दुप्पट झाला की एक स्टॉप). तुम्ही आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १०० वर काढलेल्या फोटोतला लाल भाग आयएसओ २७०० वर काढल्यासारखा दाणेदार होतो. फोनच्या जेपेगमध्ये तर तेवढी माहितीच उरलेली नसते. तिथे ॲप लाल रंग शोधत नाही, अंदाजाने ओततं. म्हणून त्या फोटोंमध्ये त्वचा जांभळट दिसते आणि पाणी किरमिजी होतं.

एक गोष्ट सहसा विसरली जाते. मोजायचं पाणी म्हणजे फक्त खोली नव्हे. सूर्यप्रकाश वरून खाली आला, वस्तूवर आदळला, तिथून लेन्सपर्यंत आला, तो सगळा रस्ता पाण्यातून गेला. ५ मीटर खोलीवर, ५ मीटर लांबून काढलेल्या फोटोत लाल प्रकाशाने १० मीटरचा कर भरलेला असतो. त्याच खोलीवर अर्ध्या मीटरवरून काढला तर साडेपाचचा. जवळ जाणं हा फुकट मिळणारा रंग आहे.

सॉफ्टवेअर काहीच करत नाही, असं मी म्हणत नाही. २०१९ मध्ये दर्या अक्कायनाक आणि ताली त्राइबित्झ या संशोधकांनी मांडलेली सी-थ्रू ही पद्धत खरोखर कौतुकास्पद आहे. ती पाण्यात प्रकाश कसा शोषला आणि विखुरला जातो याचं गणित मांडून रंग सुधारते. पण तिला चौकटीतला प्रत्येक बिंदू किती लांब आहे हे माहीत असावं लागतं आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, फाइल लागते. जिथे लाल पोचलाच नाही तिथे तीही काही निर्माण करू शकत नाही. रॉमध्ये फोटो काढा, हा सल्ला मात्र सगळ्यांना आणि नेहमी.

आणि लाल फिल्टर. तो लाल टाकत नाही. निळा-हिरवा कापतो, म्हणजे एक-दोन स्टॉप प्रकाश घेऊन जातो. उथळ, स्वच्छ पाण्यात, डोक्यावर ऊन आणि सूर्य पाठीशी असताना, मोठ्या दृश्यांसाठी आणि व्हिडिओसाठी तो छान काम करतो. १५-२० मीटरच्या खाली कापून उरण्यासारखं काही राहत नाही. आणि फिल्टरसोबत लाइट लावला की जवळचं सगळं लालभडक होतं. दोनपैकी एकच वापरायचं.

रंग हवे असतील तर प्रकाश सोबत न्यावा लागतो, हे सुरुवातीपासून माहीत आहे. लुई बूताँ या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये फ्रान्समधल्या बॅन्यूल्स-स्यूर-मेर इथे पाण्याखाली फोटो काढले तेव्हा त्याने मॅग्नेशियमच्या ज्योतीचा दिवा वापरून बघितला. १९२६ मध्ये विल्यम लाँग्ली आणि चार्ल्स मार्टिन यांनी फ्लोरिडाच्या समुद्रात पाण्याखालचा पहिला रंगीत फोटो काढला, एका हॉगफिश माशाचा. त्यांनी पाण्यावर तराफा तरंगवून त्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवली, कारण त्याशिवाय प्लेटवर रंग उमटलाच नसता. खालच्या माशासाठी वर स्फोट करावा लागला. आज तोच प्रकाश मुठीत मावतो, आणि त्यालाच ‘गरज नाही’ म्हटलं जातंय याचं मला वाईट वाटतं.

‘जास्त लुमेनचा एक व्हिडिओ लाइट पुरे, स्ट्रोब संपले’

लुमेन दुप्पट केले की एक स्टॉप मिळतो. अंतर निम्मं केलं की दोन स्टॉप मिळतात, वर पाण्याने खाल्लेला रंग परत मिळतो तो वेगळा. लाइटपासून वस्तूपर्यंत आणि वस्तूपासून लेन्सपर्यंत असा दुहेरी रस्ता धरला तर १ मीटरवर लाल अर्धा उरतो, २ मीटरवर पाव, ३ मीटरवर आठवा हिस्सा. म्हणून कितीही मोठा लाइट घेतला तरी दीड मीटरपलीकडे रंग उजळायची अपेक्षा ठेवू नये.

आता स्थिर फोटोत व्हिडिओ लाइट किती प्रकाश देतो ते बघू. ५००० लुमेनचा लाइट म्हणजे दमदार लाइट. शटर १/१२५ सेकंद उघडं राहिलं तर त्या वेळात ४० लुमेन-सेकंद मिळतात. स्ट्रोब १०० जूलचा असेल आणि प्रत्येक जूलमागे अगदी हात राखून २० लुमेन-सेकंद धरले तरी २००० होतात. पन्नास पट. दोघांचे झोत वेगवेगळ्या कोनांत पसरतात म्हणून नेमका फरक बदलेल, पण अंतर एवढं मोठं आहे की निष्कर्ष बदलत नाही. शिवाय स्ट्रोबचा झगमगाट साधारण एक हजारांश सेकंदाचा असतो, त्यात हलणारा मासा आणि लाटेवर डोलणारे तुम्ही, दोघंही गोठता. व्हिडिओ लाइटवर शटर मंद ठेवावं लागतं, ॲपर्चर उघडावं लागतं, आणि डोमच्या कोपऱ्यांचं वर सांगितलेलं दुखणं लगेच वर येतं.

स्ट्रोब असला की दोन वेगळे नळ हातात येतात. मागच्या निळ्या पाण्याचा गडदपणा शटरने ठरवायचा, पुढच्या प्रवाळाचा उजेड ॲपर्चरने आणि स्ट्रोबच्या ताकदीने. बहुतेक कॅमेऱ्यांमध्ये शटर १/२०० किंवा १/२५० पर्यंतच नेता येतं, एवढी मर्यादा. हे एकदा हाताला बसलं की काळ्या पाण्यापुढचा केशरी समुद्रपंखा आणि निळ्याशार पाण्यापुढचा तोच समुद्रपंखा, दोन्ही एकाच जागेवरून काढता येतात.

व्हिडिओ काढायचा असेल तर अर्थातच व्हिडिओ लाइट हवा. अगदी जवळच्या मॅक्रोलाही तो चालतो आणि काय टिपणार ते आधी दिसतं, हा नवख्याला मोठा आधार असतो. घेताना लुमेनच्या शेजारी दोन गोष्टी बघा. रंग किती खरे दाखवतो याचा सीआरआय, आणि झोताचा कोन. हवेत १२० अंश लिहिलेला कोन सपाट काचेचा लाइट असेल तर पाण्यात सुमारे ८० अंशांवर येतो, वक्र काचेचा असेल तर बराचसा टिकतो. स्ट्रोबवरचा गाइड नंबरही, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडाही, बहुधा हवेतलाच छापतात. पाण्यात तो निम्म्याच्याही खाली धरावा.

आणि ‘एक लाइट’, तोही बहुतेक जण कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवतात. त्याने होतं काय, लेन्स आणि माशाच्या मधल्या पाण्यात तरंगणारा प्रत्येक कण उजळतो आणि फोटोभर पांढरे ठिपके पडतात. याला बॅकस्कॅटर म्हणतात. धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावल्यावर समोर पांढरी भिंत उभी राहते, तसंच. लाइटची ताकद वाढवली की भिंतही उजळते. इलाज ताकदीत नसून जागेत आहे. लाइट लांब आर्मवर (दांड्यांवर) दोन्ही बाजूंना न्यायचा, पोर्टच्या थोडा मागे ठेवायचा आणि माशाकडे सरळ न रोखता किंचित बाहेर वळवायचा. दोन्ही झोतांच्या फक्त आतल्या कडा माशावर पडाव्यात. मधलं पाणी अंधारात राहतं. म्हणून एका मोठ्या लाइटपेक्षा दोन मध्यम, आणि बॉल-जॉइंट, क्लॅम्प, आर्म यांवर खर्च करायला काचकूच करू नका. फोटोतला सर्वांत दिसणारा फरक तिथून येतो.

‘स्ट्रोबने मासे आंधळे होतात’

प्राण्यांची काळजी वाटणं योग्यच आहे, म्हणून याचं उत्तर काळजीने द्यायला हवं. मार्टेन डी ब्राउवर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सायंटिफिक रिपोर्ट्समध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तळावर राहणाऱ्या माशांवर फ्लॅशचा परिणाम तपासला होता. समुद्रघोड्यांच्या दृष्टिपटलाला फ्लॅशमुळे इजा झाल्याचं आढळलं नाही. माशांना खरा त्रास झाला तो डायव्हरने त्यांना हलवलं, डिवचलं तेव्हा. एका अभ्यासावरून सगळ्या जिवांना सगळं चालतं असं म्हणता येणार नाही, आणि एकाच समुद्रघोड्यावर ओळीने दहा जणांनी फ्लॅश मारणं मला बघवत नाही. पण काडीने त्याला कॅमेऱ्याकडे वळवणारा माणूस ‘मी स्ट्रोब वापरत नाही’ म्हणून निश्चिंत होत असेल, तर हा मजकूर उलटं नुकसान करतोय.

‘आधी कॅमेरा घ्या, हाउसिंग मिळतंच’

मिळतंच असं नाही. हाउसिंग एका मॉडेलसाठी कापलेलं असतं. पुढच्या वर्षी त्याच नावाचा नवा कॅमेरा आला आणि एक बटण दोन मिलिमीटर सरकलं तर जुनं हाउसिंग त्याला चालत नाही. अनेक चांगल्या कॅमेऱ्यांसाठी कुणी हाउसिंग बनवतच नाही. म्हणून क्रम उलटा हवा: आधी हाउसिंग आहे का, मग तुम्हाला हव्या लेन्ससाठी पोर्टच्या तक्त्यात नोंद आहे का, मग स्ट्रोब पेटणार कसा. हल्लीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना स्वतःचा फ्लॅश नसतो. त्यांना हाउसिंगच्या आत बसणारा, स्ट्रोबला प्रकाशाने इशारा देणारा एलईडी ट्रिगर लागतो, मग तो इशारा नेणारी फायबर ऑप्टिकची दोरी. विजेच्या तारेपेक्षा ही दोरी मला बरी वाटते, कारण तिच्यासाठी कवचाला वेगळं भोक पाडावं लागत नाही.

कॅमेरा आणि हाउसिंग ही जोडी काही वर्षांत बदलते. स्ट्रोब, आर्म, क्लॅम्प, वेट लेन्स बहुतेक हाउसिंगवर चालतात, आणि त्याच कंपनीत राहिलात तर पोर्टही बहुतेक वेळा पुढे चालतात. तेव्हा पैसे मोजके असतील तर कॅमेरा एक पायरी खालचा घ्या आणि वाचलेले लाइट आणि पोर्टकडे वळवा. वापरलेलं हाउसिंग घेत असाल तर प्रत्येक बटण दाबून, प्रत्येक चाक फिरवून बघा, आणि बटणांच्या दांड्यांवरच्या आतल्या ओ-रिंग शेवटच्या कधी बदलल्या ते विचारा. त्या दिसत नाहीत, पण रबर तिथेही म्हातारं होतं.

नवं असो की जुनं, पहिल्या डाइव्हला कॅमेरा आत ठेवू नका. रिकाम्या हाउसिंगमध्ये एक टिश्यू पेपर आणि वजनासाठी एखादा शिशाचा तुकडा घाला, नेहमी जाता तेवढ्या खोलीवर न्या, खाली प्रत्येक बटण दाबा. पाण्यात उडी मारताना हाउसिंग हातात धरू नका, बोटीवरच्या माणसाकडून खाली घ्या. वर आल्यावर गोड्या पाण्याच्या टबात इतरांच्या कॅमेऱ्यांच्या गर्दीत टाकून निघून जाऊ नका. तिथे एखाद्याचा आर्म कडीला अडकला तर समुद्रात वाचलेलं हाउसिंग टबात बुडतं. मग पूर्ण पुसून, तोंड खाली धरून उघडा. टिश्यू कोरडा असेल तर पुढच्या डाइव्हला कॅमेरा आत जाऊ द्या.